बायकोच्या आवाजावर टाच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक स्टीलची पट्टी. तळहाताएवढी. तिच्यावर इंग्रजी अक्षरं ठोकायची होती. विमलनं आतल्या खोलीत बसून अक्षरं मोबाइलमध्ये बोलून ठेवली अन् मी समोर दुकानात बसून ती एकेक ऐकत ठोकली. काम झाल्यावर तिनं वांग्याची भाजी वाढली. मीठ जास्त झालं होतं. मी सांगितलं. ती म्हणे, "मंग नका खाऊ." मी खाल्ली.

त्याच आठवड्यात ती गेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरनं नाडीवर हात ठेवला अन् मग माझ्याकडं पाहिलं. याच्यापेक्षा जास्त मी त्यावर लिहिणार नाही.

दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, काका, तुमच्या कुलूप-चावीच्या धंद्यावर लिहा, लोकाईले मजा येते. मजेचं सांगतो. पण विमलले वगळून सांगता येत नाही, कारण टॅक्सवाल्यांनी शेवटी टाच आणली ती तिच्या आवाजावर.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही गुरुजी दयाळू होते म्हणून. धंदा चावी बनवायचा, कुलूप उघडायचा, अन् पट्ट्या-बिल्ल्यांवर अक्षरं ठोकायचा. नागपूरच्या इंदोऱ्यात घराच्या समोरच्या खोलीतच दुकान आहे. इंग्रजी मोठी अक्षरं मले ठशांवरून ओळखू येतात. पण लोकं कागदावर लिहितात ती बारकी, एकमेकांत गुंतलेली, ती मले अळ्यांवानी दिसतात. विमल दहावी पास, अंगणवाडीत शिकवायची. ती वाचायची. अन् हातोडीनं माझे कान केव्हाचे गेले, आतून हाक मारली तर ऐकू येत नाही. म्हणून आमची पद्धत अशी पडली होती का नावाची पाटी असो नाही तर कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला, ती अक्षर-अक्षर करून मोबाइलमध्ये बोलणार, मी मोबाइल कानाले लावून एक अक्षर ऐकणार, बंद करणार, ठोकणार, परत चालू करणार. प्रत्येक अक्षराले तिनं आपलं नाव ठेवलं होतं. "एम, मिरचीचा." "के, उभी काठी अन् मोडकी फांदी." बी अन् डी मध्ये माझी गफलत व्हायची, तर "डी, एका पोटाचा" अन् "बी, दोन पोटांचा". काम झालं का ती ते बोलणं पुसून टाकायची. मोबाइल भरतो म्हणे. पुसायचं मले येत नाही.

आता टॅक्सवाल्यांचं. खात्याचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्याशी अजून बोलणं-चालणं आहे. छापा टाकायले जाताना ते एक कुलूपवाला सोबत नेतात. कारण छाप्याच्या दिवशी जेवढ्या चाव्या हरवतात तेवढ्या अख्ख्या वर्षात हरवत नाहीत. कोणाची मुंबईच्या भावाकडं असते, कोणाची नाल्यात पडलेली असते. एका बिल्डरनं सांगितलं, ही तिजोरी माझी नाहीच, इथं कशी आली मले ठाऊक नाही. मी तार घालून शांतपणे खटपट करून राहिलो होतो. माणूस होता उतावळा. त्याले माझा संथपणा सहन होईना. थोड्या वेळानं तोच बोलला, "अरे भाऊ, डावीकडं दाबून मंग फिरवा न." साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मी डावीकडं दाबून फिरवलं. उघडली.

इतवारीतल्या एका धान्यवाल्याकडं आज्याच्या वेळची लोखंडी तिजोरी होती. साहेब लोकांचे डोळे चमकले. माझा अख्खा दिवस गेला. आत निघाली लोणच्याची बरणी. लिंबाचं, काळंठिक्कर. धान्यवाल्याची म्हातारी आत्या धावत आली अन् म्हणे, "हेच शोधून राहिलो होतो न बाप्पा आपण!" पंचनाम्यात लिहिलं, 'एक बरणी, आत काळा पदार्थ'. धान्यवाल्यानं साहेबांच्या समोरच मले विचारलं, तिजोरीची नवी चावी बनवायचे काय घेता. म्हणे बरं झालं तुम्ही आले, आम्ही इतकी वर्षं टाळून राहिलो होतो.

माझा उस्ताद सांगायचा, कुलूप सुटलं का पाठ फिरवायची. आपलं काम कुलपापर्यंत, आतलं आपलं नाही. मी ते पाळलं. लोणचं बी मी पाहिलं नाही, वासावरून समजलं. संध्याकाळी घरी आलो का विमल विचारायची, "काय निघालं आत?"

"माझी पाठ होती."

"सगळ्या नागपूरच्या तिजोऱ्या उघडल्या अन् पाहिली कोणती? तर भिंत." एवढं म्हणून ती चहा ठेवायची.

तर ती पट्टी. पंकज नावाचा माणूस आपल्या आईले घेऊन आला. आई म्हणजे इंदूबाई, विमलच्या माहेरची, भिवापूरची. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या. इंदूबाईनं सोबत वाळल्या मिरच्यांची पिशवी आणली होती. बाया आत गेल्या अन् पंकज माझ्यासमोर स्टुलावर बसला.

"काका, अशी पट्टी पाहिजे का जळली नाही पाहिजे, गंजली नाही पाहिजे, पाण्यात सडली नाही पाहिजे."

"काय लिहायचं?"

"चोवीस शब्द. प्रत्येकाची पहिली चारच अक्षरं."

"अख्खे शब्द काहून नाही? मी अक्षरामागं पैसे घेतो म्हणून?"

"चार पुरतात काका. त्या शब्दांची यादीच अशी बनवली आहे का पहिली चार अक्षरं कोणत्याच दोन शब्दांची सारखी नाही. तुम्ही अर्थ लावू नका फक्त."

मी म्हटलं, "बापू, मले अर्थ लावता आला असता तर मी इथं बसलो असतो का?"

त्यानं समजावलं ते माझ्या डोक्यात धंद्याच्या हिशेबानं बसलं. हे इंटरनेटवरचे पैसे. नोटा नाही, नाणी नाही, बँक नाही. पैसा कुठं तरी साऱ्या जगाच्या वहीत लिहिलेला असतो अन् तो हलवायची चावी एका छोट्या डबीत असते. त्या डबीले वॉलेट म्हणतात. डबी हरवली, मोडली, तरी हे चोवीस शब्द दुसऱ्या डबीत टाकले का चावी जशीच्या तशी तयार. म्हणजे शब्द हा चावीचा साचा. ज्याच्याकडं साचा त्याचा पैसा. नाव नाही, सही नाही, अंगठा नाही.

पंकजनं आणलेल्या कागदावरून विमलनं अक्षरं बोलून ठेवली. इंदूबाई बाजूलेच बसली होती, तिचं बोलणं सुरूच. पंकज तेव्हा आतल्या दारात उभा राहून फोनवर कोणाशी तरी भाव बोलून राहिला होता. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"काकू, हे रेकॉर्ड केलं का?"

"हाव न. यायले ऐकू नाही येत."

"काम झालं का डिलीट करजा बरं."

"करते न बापू, त्यात काय."

मी ठोकून देईपर्यंत तो हलला नाही. मग पट्टी खिशात घातली, कागद आमच्या गॅसवर धरून जाळला अन् राख नळाखाली धुतली. विमल पाहत होती. म्हणे, "एवढं लपवायचं होतं तर लिहिलं कायले?" तो हसला. नंतर ती पुसायची राहून गेली अन् मग तीच राहिली नाही.

विमलचे फोटो भल्ले आहेत, पेटीभर. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, त्यात ती ताटं घेऊन इकडून तिकडं जाते, पण आवाज फक्त बँडचा. तिच्या बोलण्याचं म्हणाल तर ही एकच गोष्ट राहिली. चोवीस शब्दांची चार-चार अक्षरं अन् मधामधात दोन बायांच्या गोष्टी. मी दुकान उघडत नव्हतो. दुपारी जेवण झालं का मोबाइल कानाले लावून बसायचो.

असेच काही महिने गेले अन् टॅक्सवाल्या गोडे साहेबांचा फोन आला. बेसा भागात एक घर आहे, भिंतीत तिजोरी आहे, मालक चावी हरवली म्हणतो. जायची इच्छा नव्हती, पण घरात बसून तरी काय करून राहिलो होतो. गेलो.

दार उघडलं तर समोर पंकज. त्यानं मले पाहिलं, मी त्याले पाहिलं. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हाही आमच्या धंद्याचा रिवाज. मी गुमान तिजोरीकडं गेलो. चांगली होती, पण लावणाऱ्यानं भिंतीत तिरपी बसवली होती, त्यामुळं लवकर सुटली. मी पाठ फिरवली.

पाठीमागून साहेब म्हणाले, "काका, इकडे वळा. आता हे उघडा." अन् माझ्या हातात एक काळी डबी ठेवली, पेनड्राइव्हएवढी.

मी चारही बाजूंनी फिरवून पाहिली. "साहेब, याले कुलूपच नाही."

"आहे. आत आहे. नंबर टाकावा लागतो." मग पंकजले म्हणाले, "नंबर सांगा."

पंकज म्हणे, आठवत नाही. ते सुरुवातीले नाटक होतं, एवढं मले कळते, छाप्यात असे चेहरे खूप पाहिले. पण साहेबांनी आपल्या मनानं नंबर टाकायले घेतले तसा तो घाबरला. "साहेब, चुकीचे नंबर टाकले तर ती डबी स्वतःले पुसून टाकते." साहेब म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." मग पंकज खरा नंबर सांगायले गेला तर घाबरून तोही विसरला. आता खरंच विसरला. साहेबांनी विचारलं, आईची जन्मतारीख ठेवली होती का? तो म्हणे, बहुतेक. तेवढ्यात आतून इंदूबाई चहाचा ट्रे घेऊन आली. छापा असला तरी चहा होतेच, हे मी पाहिलं आहे.

"माय, तुझी जन्मतारीख कोणती?"

"तुरीच्या कापणीतली. गुरुजीनं शाळेत कोणती टाकली ते गुरुजीलेच माहीत." अन् तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. "अवो भाऊजी, तुम्ही? विमल कशी हाय?"

मी म्हटलं, "गेली."

"कुठं?"

तिचं तिलेच उमजलं. ती ट्रे घेऊन तिथंच खाली बसली अन् पदर तोंडाले लावला. चहा सांडला. साहेबांना वाटलं हे लक्ष हटवायचं नाटक आहे. शेजारचे दोन पंच सोफ्यावर बसले होते, छाप्याले साक्षीदार लागतात त्यातले. त्यातल्या एकानं विचारलं, हे रडणं पंचनाम्यात घ्यायचं का. साहेब म्हणाले थांबा. अन् त्या गडबडीत त्यांनी पंकजच्या जुन्या कागदावरची आईची तारीख टाकली. डबीच्या काचेवर काही तरी उमटलं. पंकज आईच्या बाजूले खाली बसला. डबी कोरी झाली होती.

साहेबांनी डबी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही यात किती पैसा घातला होता ते आम्हाला दुसरीकडून कळलेलं आहे. वॉलेट उघडो न उघडो, कर लागणार, दंड लागणार."

"अन् पैसाच निघाला नाही तर भरू कशातून?"

"तो तुमचा प्रश्न."

इथून सारी गंमत झाली. सकाळपासून एक लपवून राहिला होता अन् दुसरा शोधून राहिला होता. आता दोघेही एकच गोष्ट शोधायले लागले. पंकजनं स्वतःच सांगितलं, साहेब, चोवीस शब्दांची पट्टी आहे, किचनमध्ये भांड्यांच्या मांडणीमागं. दोघे हात धरल्यासारखे किचनमध्ये गेले. मांडणी ओढली. मागं फक्त भिंत.

इंदूबाई डोळे पुसत म्हणे, "ती पट्टी? ती तर मी भांडेवालीले देल्ली. दिवाळीची साफसफाई काढली होती. जुनं स्टील अन् तुझे दोन पँट देल्ले, हा गंज घेतला." अन् तिनं भात शिजवायचं नवं भांडं दाखवलं. आमच्याकडं त्याले गंज म्हणतात.

पंकजनं ते भांडं हातात घेऊन आत पाहिलं. साहेबांनीही आत पाहिलं. "माय, काय करून ठेवलं तू. घर विकून येणार नाही एवढा पैसा होता त्याच्यात."

"मंग सांगायचं न मले. तू म्हणे कोणाले सांगू नको, अन् काय सांगू नको ते मलेच नाही सांगितलं."

साहेबांनी गंज पंचनाम्यात लिहायले लावला. पंच म्हणे किंमत काय लिहू. साहेबांनी परत एकदा गंजात पाहिलं.

मी हत्यारं पिशवीत भरून निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात इंदूबाई बोलली. वाईट मनानं नाही, पोराच्या जीवाले लागलं म्हणून. "अरे पण भाऊजींनीच तर ठोकली होती ती. विमलनं मोबाइलमंदी बोलून ठेवलं होतं सारं. पुसलं का वो भाऊजी ते?"

मले खोटं बोलता येत नाही असं नाही. पण विमलचं नाव घेऊन बोलता आलं नाही. मी म्हटलं, "नाही पुसलं."

पंकज उभा झाला. साहेब उभे झाले. पंच बी उभे झाले.

साहेब म्हणाले, "काका, मोबाइल द्या. जप्त करावा लागेल."

पंकज म्हणे, "काका, देऊ नका. मले ऐकवा अन् लगेच डिलीट करा. तुमच्या मोबाइलमध्ये माझी सारी कमाई आहे."

मी म्हटलं, "माझ्या मोबाइलमध्ये माझी बायको आहे."

साहेबांनी मले खुर्चीवर बसवलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "काका, कॉपी करून तुम्हाला दिली असती, पण अडचण समजून घ्या. जो हे ऐकेल तो पैसा काढू शकतो. तुमच्याकडे ठेवलं म्हणजे जप्तीचा माल तुमच्याकडे ठेवला. कायद्यानं तुमच्या मिसेसचा आवाज ही सध्या मालमत्ता आहे."

"बेहिशेबी?"

"एका अर्थानं."

"ती अंगणवाडीत होती साहेब. तिच्या अंगावर जन्मभर बेहिशेबी काही नव्हतं."

"मी जबरदस्तीनं घेऊ शकतो."

"घ्या. त्याले पॅटर्न आहे. उघडायले मलेच बोलवा लागन. इतकी वर्षं तुमच्यासाठी लोकाईची कुलपं उघडली, हे माझं आहे. हे मी उघडत नाही."

पंकज तोवर डोकं धरून बसला होता. तो एकदम म्हणे, "साहेब, एक होऊ शकते. शब्द टाकले, वॉलेट उघडलं, अन् सारा माल आपण दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवला, तर हे शब्द फुकटचे होतात. मग कोणाजवळ राहिले तरी काही फरक नाही."

हे मले चटकन समजलं. कुलूप बदललं का जुनी चावी भंगार. मी साहेबांना म्हटलं, "सरकारच्या वॉलेटमध्ये हलवा. त्याच्यावर टाच आणा, पंचनामा करा, काय करायचं ते करा. मग ते नुसतं तिचं बोलणं राहते. ते माझं. हे पंचांसमोर लिहून देत असाल तर लावतो."

साहेबांनी वर फोन केला. वरच्यांना समजावण्यातच बराच वेळ गेला. दोनदा म्हणाले, "नाही सर, बायको आरोपीची नाही. कुलूपवाल्याची." पण शेवटी लिहून दिलं.

मी मोबाइल टेबलावर ठेवला अन् लावला, अन् माझ्या लक्षात आलं का मी पाठ फिरवून उभा आहे.

विमलचा आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये वेगळाच वाटला. घरात मी कानाले लावून ऐकायचो, तो माझ्यापुरता होता. इथं तो झुंबरापर्यंत गेला. पहिली चार अक्षरं झाली अन् इंदूबाईचा आवाज आला, पाटोडीच्या रश्श्यात खोबरं भाजून घालते का कच्चं. विमल म्हणे, "भाजून. अन् भिवापुरी मिरची दोनच, नाही तर पाव्हणे उठून जाते. ई, तीन दातांचा." पंकज अक्षरं लिहून घेत होता. एक पंच म्हणे, "ते पाटोडीचं परत लावा जरा." साहेब म्हणाले ते प्रकरणाशी संबंधित नाही.

कोणी हसत होतं, विमलच्या अक्षरांच्या नावांवर. मले आधी राग आला, मग थोडा अभिमानही आला. लेमो झालं, लिंबू. विंड झालं, खिडकी. सरकार अन् पंकज दोघं मिळून अर्थ सांगत होते. आयुष्यभराची कमाई म्हणजे लिंबू अन् खिडकी.

पुढं काय येणार हे मले पाठ होतं. मी वळून हात पुढं केला बंद करायले. साहेब म्हणाले, "थांबवू नका, सलग हवं."

विमल इंदूबाईले सांगून राहिली होती, "मी पहिले गेली तर बरं वं. मले याईच्या बिगर राहणं जमणार नाही. याईचं काय, दोन कुलपं हातात देल्ली का दिवस निघते. एल, आडव्या पायाचा."

पंकजचा पेन थांबला. मी भिंतीकडं पाहत होतो. मग पंकज हळूच म्हणे, "काका, माफ करजा. अक्षर कोणतं होतं?"

कोणीच ऐकलं नव्हतं. मी एल म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "काका, तुम्हाला ऐकू कमी येतं. नोंदीसाठी खात्री करावी लागेल." मागं घेतलं. मी पहिले गेली तर बरं वं. मागच्या बाजूले कोणाच्या तरी फोनची घंटी वाजली, अक्षर बुडालं. परत मागं घेतलं. मी पहिले गेली तर बरं वं. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतःच खाली मान घालून ऐकलं अन् म्हणाले, "एल. बरोबर आहे."

चोवीस शब्द झाले. पंकजनं ते डबीत टाकले. डबी म्हणे, चूक. परत टाकले. चूक. इंदूबाई देवाचं नाव घ्यायले लागली. साहेब म्हणाले, पहिल्यापासून लावा.

पहिल्यापासून लावलं तर सगळ्यात सुरुवातीले, अक्षरांच्या आधी, जिकडं पहिल्या खेपेस कोणी ध्यानच दिलं नव्हतं, विमल विचारून राहिली होती, "बापू, याच्यावर दोन रांगा आहेत. आडवं वाचू का उभं?" अन् मागून पंकजचा आवाज, फोनवर भाव बोलता बोलता, "कसंही वाचा काकू, काय फरक पडते."

विमलनं अंगणवाडीच्या हजेरीसारखं आडवं वाचलं होतं. वाचायचं होतं उभं, आधी एक रांग, मग दुसरी. म्हणजे भांडेवालीकडं गेलेली पट्टीही चुकीचीच होती. पंकजनं इतके महिने जी जिवापाड जपली, तिच्यानं काही उघडलंच नसतं. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. इंदूबाई म्हणे, "अन् मले बोलून राहिला होता गंजासाठी."

शब्द सरळ लावले. डबी उघडली. सरकारी वॉलेटचा पत्ता वरून आला, पंकजनं सही केली अन् माल तिकडं गेला. त्यातून कर किती, दंड किती अन् त्याले परत किती, ते त्यांचं त्यांचं चालू आहे. तो मले अधूनमधून फोन करते. रागावला नाही, पण आता आईले विचारल्याशिवाय काही लपवत नाही म्हणे.

साहेबांनी शब्द पाळला. मोबाइल परत दिला. फाइलसाठी एक प्रत मात्र घेतली, त्याले 'परिशिष्ट, ध्वनी' असं नाव दिलं. म्हणजे आता कुठल्या तरी सरकारी कपाटात विमल पाटोडीचा रस्सा सांगून राहिली आहे. मले ते आवडलं नाही. मी ऐकू दिलं म्हणूनच ते माझ्याकडं राहिलं, हे मले समजते. पण बारा गावच्या माणसांनी तिचं ते बोलणं तीन-तीनदा ऐकलं, अन् तिले विचारायले कोणी नव्हतं.

निघताना दारात इंदूबाईनं विचारलं, "भाऊजी, ते ती माझ्यापाशी बोलली होती. तुम्ही ऐकलं होतं का आधी?"

"पट्टी ठोकताना नाही. तेव्हा मी अक्षरांसाठीच ऐकून राहिलो होतो. ती गेल्यावर ऐकलं."

ती म्हणे, "मंग आता नका ऐकू रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातली धूळ झाडली. एक कोरी पट्टी ऐरणीवर ठेवली, ठशांची पेटी उघडली अन् मोबाइल कानाले लावला. नुसतं बसून ऐकायचं म्हटलं तर ती लवकर संपते. म्हणून ठरवलं, रोज सकाळी एक शब्द, त्याच्यावर नाही. डी, एका पोटाचा. ओ, बांगडी. एन, मोडकं दार. के, उभी काठी अन् मोडकी फांदी. पंकजनं अर्थ सांगितला होता, गाढव. चारही अक्षरं सरळ आली. मोबाइल बंद करून खिशात ठेवला अन् शटर वर केलं.